गिअरबॉक्सच्या ड्रेन प्लगचे आटे गेले आहेत? टॅप हातात घेण्याआधी हे वाचा

गिअरबॉक्सचं ऑइल बदलताना ड्रेन प्लग घट्ट होण्याऐवजी फिरतच राहिला, की बहुतेक जण दोनपैकी एक चूक करतात. कुणी टेफ्लॉन टेप गुंडाळून प्लग पुन्हा दाबतो. कुणी लगेच एक नंबर मोठा टॅप (आटे कापायचं हत्यार) मारून मोकळा होतो. पहिल्या उपायात महिन्याभरात गळती सुरू होते. दुसऱ्यात टॅप वाकडा गेला, तर वॉशर एका बाजूलाच बसतो आणि प्लग कितीही आवळला तरी थेंब पडतच राहतो.

एक गोष्ट आधी पक्की करू. ड्रेन प्लगचं ऑइल आटे अडवत नाहीत. ते अडवतो वॉशर आणि वॉशर जिथे टेकतो तो सपाट चेहरा. आट्यांचं काम फक्त वॉशर दाबून धरण्याचं. म्हणून या दुरुस्तीत नवे आटे सरळ असणं आणि चेहरा शाबूत राहणं या दोन गोष्टी सगळ्यात महत्त्वाच्या. खालचे सगळे टप्पे त्यासाठीच या क्रमाने लावले आहेत.

हा लेख ॲल्युमिनियम हाउसिंगच्या मॅन्युअल गिअरबॉक्ससाठी आहे. ऑटोमॅटिक आणि सीव्हीटी (बिनपायऱ्यांच्या ऑटोमॅटिक) गिअरबॉक्समध्ये ड्रेनच्या जागीच लेव्हलची नळी असू शकते. त्यांना ही पद्धत लावू नका.

टप्पा १: फिलर प्लग आधी सोडवा

ड्रेनला हात लावण्याआधी वरचा फिलर प्लग सुटतो का ते बघा. तो जाम असेल आणि तुम्ही खालचं ऑइल काढून बसलात, तर नवं ऑइल भरायला वाट नाही आणि गाडी जागची हलवता येत नाही. फिलर सुटला की हाताने पुन्हा लावून ठेवा आणि मगच पुढे चला.

काही गिअरबॉक्सला प्लगचं डोकं सहाकोनी असतं, काहींना आत चौकोनी खाच असते. खाचेत अंदाजाने काहीतरी बसवून फिरवू नका. खाच गोल झाली, की त्या दिवसाचं काम तिथेच अडतं.

टप्पा २: गाडी उभी करणं

शक्य असेल तर रॅम्प किंवा पिट असलेल्या ठिकाणी हे काम करा. खालून टॅप हँडल पूर्ण फिरायला आडवी जागा लागते. घरी करणार असाल तर फरशी किंवा काँक्रीट हवं. सोलापूरची काळी माती वरून टणक दिसते, पण पावसानंतर जॅकखाली खचते. पेव्हर ब्लॉकवरही जॅकखाली जाड प्लायचा तुकडा ठेवा. जॅकवर भरवसा ठेवून गाडीखाली जाऊ नका. दोन्ही बाजूंना स्टँड लावा आणि मागच्या चाकांना ओट, म्हणजे दगड किंवा लाकडी ठोकळे, लावा.

एप्रिल-मेमध्ये काम सकाळी लवकर उरका. दुपारी बेचाळीस-त्रेचाळीस अंशाला हाउसिंग हाताला पोळतं, आणि वाऱ्याबरोबर धूळ उडून उघड्या भोकात जाते. उन्हाळ्यात काम थांबवाल तेव्हा भोकाला स्वच्छ प्लास्टिक बांधून ठेवा.

टप्पा ३: प्लग बाहेर काढणं

आटे घसरलेला प्लग नुसता फिरतो, बाहेर येत नाही. अशा वेळी प्लगच्या डोक्याखाली पातळ स्क्रू ड्रायव्हर सरकवा, खालच्या बाजूला हलका ताण द्या आणि त्याच वेळी पान्ह्याने उलटं फिरवा. स्क्रू ड्रायव्हर वॉशरवर टेकवायचा, हाउसिंगच्या चेहऱ्यावर नाही. चेहऱ्यावर एक जरी खोल ओरखडा गेला, तर त्यातून ऑइल पाझरतं.

निघालेल्या प्लगवर ॲल्युमिनियमची तार गुंडाळलेली दिसली, तर आटे मुळापासून उपटले गेले आहेत. प्लग फक्त तिरका घातला गेला असेल, तर सुरुवातीचे एक-दोन आटेच चेपलेले असतात. या दोन परिस्थितींची दुरुस्ती वेगळी आहे.

ऑइल रात्रभर गळू द्या. ही सूचना वेळ घालवण्यासाठी नाही. पुढे भोकात चिकटद्रव्य लावायचं आहे, आणि हाउसिंगच्या आतल्या भिंतींवरून ऑइल कित्येक तास झिरपत राहतं.

टप्पा ४: मापं घ्या, मग ठरवा

व्हर्नियर (व्यास मोजायला) आणि पिच गेज (दोन आट्यांमधलं अंतर, म्हणजे पिच, मोजायला) ही दोन साधनं लागतील. प्लगचा बाहेरचा व्यास दोन ठिकाणी मोजा, टोकाजवळ आणि डोक्याजवळ. दोन्ही आकडे सारखे आले, तर आटे समांतर आहेत. टोकाला व्यास कमी आला, तर प्लग निमुळता आहे. निमुळत्या प्लगच्या भोकात साधी कॉइल, म्हणजे गेलेल्या आट्यांच्या जागी घालायची पोलादी तारेची वेटोळी, बसवायची नाही.

मग पिच मोजा. एम १४ × १.५ (व्यास १४ मि.मी., पिच १.५ मि.मी.) हे माप बऱ्याच गाड्यांमध्ये आढळतं. एम १२, एम १६ आणि एम १८ चे प्लगही असतात. पिच १.२५ आणि १.५ यांतला फरक डोळ्याला दिसत नाही. पिच गेजचे दात आट्यांत बसवून उजेडाकडे धरा. फट दिसली तर माप चुकलं.

आता हाउसिंगवर प्लगभोवती असलेल्या गोल उंचवट्याचा, म्हणजे बॉसचा, बाहेरचा व्यास मोजा. नवं भोक १६ मि.मी.चं होणार असेल, तर सगळ्या बाजूंनी निदान ४ मि.मी. धातू उरायला हवा. म्हणजे बॉस किमान २४ मि.मी. हवा.

शेवटी भोकातून बारीक वाकवलेली तार आत घाला आणि गिअर किती अंतरावर आहे ते बघा. काही गिअरबॉक्समध्ये डिफरन्शिअलचा मोठा गिअर ड्रेनच्या अगदी जवळून फिरतो. टॅप किती खोल जाऊ शकतो, हे या मापावर ठरतं.

आता निर्णय:

सुरुवातीचे एक-दोनच आटे चेपले असतील आणि आत किमान पाच-सहा आटे चांगले असतील, तर मूळ मापाच्या टॅपने ते साफ करा. टॅप आधी हळूच उलटा फिरवा. ‘टक्’ असा बारीक ठोका हाताला जाणवला, की टॅप मूळ आट्यांच्या तोंडाशी आला आहे. तिथून सुलट फिरवा. हा ठोका न बघता सुलट फिरवलंत, तर जुन्या आट्यांवर तिरके नवे आटे कोरले जातील.

आटे उपटले असतील, पण बॉस आणि चेहरा चांगला असेल, तर कॉइल बसवा. बहुतेक वाचकांना हाच मार्ग लागेल, आणि पुढचे टप्पे त्याचेच आहेत.

चेहराही खराब झाला असेल किंवा भोक लंबगोल झालं असेल, तर कॉलर असलेला बुश, म्हणजे आतून-बाहेरून आटे पाडलेली नळी, लागेल. बाहेरून एम २० × १.५, आतून एम १४ × १.५. भिंत सुमारे २ मि.मी. उरते आणि कॉलर वॉशरसाठी नवा चेहरा देते. पॉवरलूमचे सुटे भाग करणारे लेथवाले सोलापुरात आहेत. माप हातात देऊन पोलादी बुश करून घ्या. मात्र यासाठी बॉस २८ मि.मी.च्या आसपास हवा.

बॉसला तडा गेला असेल, तर गाडीखाली झोपून काही करू नका. ऑइल मुरलेल्या ओतीव ॲल्युमिनियमवर आर्गन वेल्डिंग केलं तर त्यात बुडबुडे राहतात, आणि त्या उष्णतेने जवळचं बेअरिंगचं घर वाकडं होऊ शकतं. गिअरबॉक्स उतरवून, हाउसिंग रिकामं करूनच ते काम होतं.

मोठा प्लग का नको, हा प्रश्न नेहमी येतो. हिशोब असा. एम १४ × १.५ च्या कॉइलसाठी जो खास टॅप मारावा लागतो, त्याचा बाहेरचा व्यास १५.९५ मि.मी. असतो. एम १६ चा प्लग लावायचा तर भोक १६ मि.मी.चं. म्हणजे धातू तेवढाच जातो. पण मोठ्या प्लगमध्ये पुन्हा पोलाद ॲल्युमिनियमवर घासतं, आणि कॉइलमध्ये प्लग पोलादी आट्यांत फिरतो. कॉइल शक्य असेल तर मोठा प्लग घेण्यात काही फायदा नाही. स्वतःच आटे कापत जाणारे तयार प्लग मिळतात, ते तर टाळाच. ते सरळ जातील याची हमी नसते आणि कापलेला कीस थेट आत पडतो.

> थांबा. मापं कागदावर लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. भोक एकदा मोठं केलं, की परत फिरता येत नाही.

टप्पा ५: सामान जमवणं

कॉइलचं किट प्लगच्याच मापाचं घ्या. त्यात खास टॅप, कॉइल आणि बसवायचं दांडकं असतं. साधा एम १६ चा टॅप ‘जवळपास तोच आहे’ म्हणून वापरू नका. कॉइल सैल बसते. एम १४ च्या कॉइलसाठी भोक साधारण १४.४ ते १४.५ मि.मी. लागतं, किटवर लिहिलेला आकडा प्रमाण माना.

इथे एक अडचण येते. घरगुती ड्रिल मशीनचा चक १० किंवा १३ मि.मी.पर्यंतचाच असतो, त्यात १४.५ चं ड्रिल बसत नाही. दांडी बारीक केलेलं ड्रिल मिळतं, पण आटे गेलेलं भोक आधीच १४ च्या जवळ असतं. काढायचा धातू जेमतेम पाव मिलिमीटर. त्यासाठी हाताने फिरवायचा रीमर (भोक थोडंथोडं मोठं करणारं हत्यार) उत्तम. मशीनचं ड्रिल ॲल्युमिनियममध्ये अचानक ओढ घेतं आणि भोक तिरकं करतं.

लेथवाल्याकडून आणखी एक वस्तू करून घ्या: २५ मि.मी. जाडीचा ठोकळा, खालचा चेहरा सपाट, त्याला अगदी काटकोनात १६.१ मि.मी.चं भोक. हा टॅपचा मार्गदर्शक. वॉशरचा चेहरा मूळ भोकाच्या काटकोनात यंत्रावर कापलेला असतो. ठोकळा त्या चेहऱ्यावर टेकवला की टॅप आपोआप सरळ जातो. गुण्या लावून डोळ्याने बघण्यापेक्षा हे कितीतरी भरवशाचं. सगळ्या कामात एवढ्या एका गोष्टीवर पैसे खर्च करा.

शिवाय: नवा प्लग (चुंबकवाला मिळाला तर तोच), दोन नवे वॉशर, ग्रीस, रॉकेल किंवा टॅपिंग ऑइल, ब्रेक क्लीनर, लॉकटाइट २४३ सारखं मध्यम ताकदीचं चिकटद्रव्य, बारीक टोकाची पक्कड, आणि धागे न सुटणारं स्वच्छ कापड. कॉटन वेस्ट नको, त्याचे धागे आत जातात.

कॉइलची लांबी भोकाच्या खोलीपेक्षा थोडी कमी हवी. ती आत डोकावली, तर शेवटचे वेटोळे मोकळे राहतात आणि सुटू शकतात.

टप्पा ६: भोक आणि आटे

रीमरच्या खाचांत ग्रीस भरा. हळूहळू एकाच दिशेने फिरवा. रीमर कधीच उलटा फिरवायचा नाही, धार जाते आणि भोकात ओरखडे उमटतात. दर दोन फेऱ्यांनी बाहेर काढून पुसा आणि नवं ग्रीस भरा.

मग भोकाच्या कडेला बारीक उतार द्या, हाताने, जास्तीत जास्त अर्धा मिलिमीटर. चांगल्या कारागिरांचाही हात इथे चुकतो. प्लगचा वॉशर आतून १४ आणि बाहेरून वीस-बावीस मि.मी. असतो. भोक १६ चं झाल्यावर वॉशरला टेकायला दोन ते तीन मि.मी.चीच कडा उरते. त्यात मशीनने मोठा उतार कोरला, तर वॉशरला बसायला जागाच राहत नाही. कॉइल उत्तम बसूनही गळणाऱ्या प्लगचं कारण बहुतेकदा हेच असतं.

आता टॅप. आधी घेतलेल्या खोलीच्या मापावर टॅपला रंगाची खूण करा, ठोकळ्याची २५ मि.मी. जाडी त्यात मिळवून. ठोकळा चेहऱ्यावर घट्ट धरा, टॅपच्या खाचांत ग्रीस, धारेवर रॉकेलचे दोन थेंब. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. ॲल्युमिनियमचा कीस चिकट असतो. मागे न फिरवता पुढेच रेटलंत, तर तो नव्या आट्यांत अडकून त्यांना फाडतो. तीन-चार फेऱ्या झाल्या की टॅप पूर्ण बाहेर काढा, पुसा, ग्रीस भरा आणि पुन्हा घाला. पहिले चार आटे सरळ पडले की ठोकळा काढला तरी चालतो. मग खूण टॅपवर नव्याने करून घ्या.

> सावधान. रॉकेल आणि ब्रेक क्लीनर दोन्ही पेट घेतात. जवळ विडी-सिगारेट, ग्राइंडर किंवा तारा उघड्या असलेला दिवा नको.

खालून काम करतो आहोत, म्हणजे बराचसा कीस आपोआप खाली पडतो. उरलेला काढण्यासाठी कॉम्प्रेसरची हवा ड्रेनच्या भोकातून वर मारू नका. सगळा कीस गिअरमध्ये जाईल. हवा द्यायचीच, तर फिलरच्या भोकातून, अगदी कमी दाबाने, म्हणजे ती ड्रेनमधून बाहेर पडेल. लक्षात असू द्या, ॲल्युमिनियम चुंबकाला चिकटत नाही. प्लगवरचा चुंबक हा कीस पकडणार नाही.

> तपासा. टॉर्चने आटे बघा. सलग, चमकदार आणि न तुटलेले दिसले पाहिजेत. चेहऱ्यावर बोट फिरवा. बरी (धातूची उभी राहिलेली बारीक धार) लागली, तर ६०० नंबरचा पॉलिश पेपर सपाट ठोकळ्याला लावून हलकेच घासा.

टप्पा ७: कॉइल बसवणं

ड्रेनच्या बाजूने गाडी थोडी जास्त उचला, म्हणजे तळाचं राहिलेलं ऑइल दुसऱ्या बाजूला सरकेल. भोक ब्रेक क्लीनरने धुवा, कापडाने पुसा, दहा मिनिटं थांबा आणि पुन्हा बघा. ओल दिसली तर परत धुवा. ऑइलच्या थरावर चिकटद्रव्य नीट धरत नाही.

भोकाच्या बाहेरच्या दोन-तीन आट्यांवर चिकटद्रव्याचा पातळ थर लावा. कॉइलच्या आतल्या बाजूला ते लागू देऊ नका. कॉइल दांडक्यावर चढवा आणि फिरवत आत न्या. दाब द्यायचा नाही, दांडक्याने स्वतःच्या चालीने जाऊ द्या. दाबलंत तर कॉइल एक आटा सोडून पुढच्यात उडी मारते. कॉइलचं बाहेरचं टोक चेहऱ्याच्या पाव ते अर्धा फेरा आत राहिलं पाहिजे. चेहऱ्याच्या वर राहिलं, तर वॉशर त्यावरच टेकेल.

कॉइल गेल्यावर दांडकं उलटं फिरवू नका, सरळ ओढून काढा.

आता २४ तास हात लावायचा नाही. हे चिकटद्रव्य हवा नसलेल्या जागी, धातूच्या संपर्कात घट्ट होतं. ॲल्युमिनियम आणि स्टेनलेस स्टील या दोन्हींवर त्याचा वेग कमी असतो. ‘तासाभरात पकडतं’ हे साध्या लोखंडी बोल्टपुरतं ठीक आहे.

टप्पा ८: जीभ तोडणं

कॉइलच्या आतल्या टोकाला आडवी जीभ असते, दांडकं तिलाच धरतं. बारीक पक्कडीने जीभ पकडा, वर-खाली वाकवा. दोन-तीनदा वाकवल्यावर ती खाचेपाशी तुटते. पक्कड सोडू नका, तशीच बाहेर आणा. छोट्या बोल्टच्या कॉइलची जीभ पंचने ठोकून तोडतात. इथे तसं केलंत तर पोलादाचा तुकडा थेट गिअरबॉक्समध्ये पडतो, आणि ही तार स्टेनलेस असल्याने चुंबकाने तो सापडेल याची खात्री नाही.

> तपासा. तुटलेली जीभ तुमच्या हातात आहे का? नसेल, तर ती सापडेपर्यंत पुढचा टप्पा सुरू करू नका.

जीभ नसलेली कॉइल मिळाली तर तीच घ्या, हा टप्पाच गळतो.

टप्पा ९: धुणं आणि प्लग लावणं

गाडी सपाट करा. त्याच ग्रेडचं स्वस्त गिअर ऑइल एक लिटर फिलरमधून हळूहळू ओता आणि ड्रेनमधून पांढऱ्या कापडातून गाळून घ्या. कापडावर चमकणारे कण दिसले, तर पुन्हा अर्धा लिटर. रॉकेलने धुऊ नका, कोपऱ्यात राहिलेलं रॉकेल नव्या ऑइलला पातळ करतं. इंजिन चालू करण्याचा प्रश्नच येत नाही.

नवा प्लग वॉशरशिवाय बोटांनी पूर्ण आत गेला पाहिजे. अडला तर पान्हा लावू नका. आत चिकटद्रव्याचा थेंब राहिला असेल, तो काढा. प्लगबरोबर कॉइल फिरते आहे असं दिसलं, तर ती काढून टप्पा ७ पासून नव्याने करा.

मग नवा वॉशर घालून टॉर्क पान्ह्याने आवळा. आकडा गाडीच्या मॅन्युअलमधला. टॉर्क पान्हा नसेल आणि मॅन्युअल ३० न्यूटन-मीटर सांगत असेल, तर २० सें.मी. लांबीच्या पान्ह्याच्या टोकाला साधारण १५ किलोचा जोर म्हणजे तेवढंच. एका हाताचा, खांदा न लावता दिलेला जोर. पान्ह्याला पाइप लावून लांबी वाढवू नका. गॅरेजमध्ये न्यूमॅटिक गनने प्लग आवळायला सरळ नकार द्या. पहिले आटेही बहुधा तिनेच गेले असतील.

जुना वॉशर पुन्हा वापरला, की तो आधीच दबलेला असल्याने गळतो, गळला की माणूस जास्त आवळतो, आणि जास्त आवळलं की आटे जातात. काही रुपयांच्या वॉशरपायी हाउसिंग खराब होतं.

टप्पा १०: ऑइल भरणं

गाडी चारही बाजूंनी सपाट हवी. फक्त पुढून उचललेली असेल, तर लेव्हल चुकतं. लेव्हल फिलरवरून बघायच्या गिअरबॉक्समध्ये ऑइल फिलरच्या कडेला येऊन थेंब पडू लागेपर्यंत भरा, आणि एकूण किती गेलं ते मॅन्युअलशी ताडून बघा. अर्ध्या लिटरपेक्षा जास्त फरक आला, तर गाडी सपाट नाही किंवा ऑइल अजून खाली उतरलेलं नाही. दहा मिनिटं थांबून पुन्हा बघा.

ग्रेड मॅन्युअलमध्ये लिहिला आहे तोच. मॅन्युअल जीएल-४ सांगत असेल, तर ‘वरचा दर्जा’ म्हणून जीएल-५ भरू नका. त्यातली काही रसायनं सिंक्रोनायझरच्या पितळी रिंगना मारक ठरू शकतात.

निघालेलं ऑइल डब्यात भरून जुनं ऑइल घेणाऱ्या अधिकृत माणसाकडे द्या. नाल्यात ओतू नका.

टप्पा ११: शेवटची तपासणी

प्लगभोवतीचा भाग ब्रेक क्लीनरने कोरडा करा आणि टाल्कम पावडरचा हलका थर मारा. दहा-पंधरा किलोमीटर चालवून गाडी थांबवा. पावडर ओली दिसली, तर ओल कुठून सुरू होते ते बघा. वॉशरच्या बाहेरच्या कडेला सगळीकडे सारखी ओल म्हणजे वॉशर नीट दबलेला नाही. एकाच बाजूला ओल म्हणजे चेहऱ्यावर ओरखडा आहे किंवा आटे तिरके आहेत. तिरक्या आट्यांवर जास्त आवळून उपयोग होत नाही, तिथे कॉलरचा बुशच लागतो.

कोरडं असेल, तर एक लांब फेरी मारा. सोलापूरहून तुळजापूरला जाऊन-येऊन सुमारे नव्वद किलोमीटर होतात आणि वाटेत घाटही लागतो, म्हणजे गिअरबॉक्स पुरेसा तापतो. परत आल्यावर गाडी रात्रभर पुठ्ठ्यावर उभी करा आणि सकाळी पुठ्ठा बघा. प्लग थंड असताना टॉर्क पान्हा एकदा लावून आकडा तोच भरतो आहे का ते तपासा. ‘जरा आणखी’ म्हणून फिरवू नका.